रत्नपालच्या हातून गेलेली गाणी

आमच्या रत्न्याच्या हातून आजवर कुणाचं काही गेलं नव्हतं. हे मी बहीण म्हणून सांगून राहिले न्हाई. भावाचं कौतुक करायची मला सवयच न्हाई. दिवसातून चार वेळा मी त्याला येडपट म्हणते आन् तो मुकाट ऐकून घेतो. पण कळमनुरीत कुणालाबी विचारा. तहसीलच्या कारकुनाला विचारा, कोचिंगवाल्या मास्तराला विचारा. बंद पडलेला कॉम्प्युटर रत्नपाल पाईकरावकडं नेला आन् त्यातला फोटो, कागद, हिशोब गहाळ झाला, असं पंधरा वर्षांत एकदाबी झालं न्हाई. झालं ते एकदाच, आन् तेबी मी घाई केली म्हणून.

मी संध्या, त्याची थोरली बहीण. स्टँडच्या रोडवर आमचा एकच गाळा, मधून प्लायवूड टाकून दोन केलेला. अलीकडं माझं झेरॉक्स आन् ऑनलाईन फॉर्म, पलीकडं त्याचं टेबल. मी दिवसभर बोलते आन् तो दिवसभर गप असतो, म्हणून बराबर जमतं. हिंगोलीच्या आयटीआयमधून शिकला, दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत होता, आई आजारी पडली तशी सगळं सोडून आला. आई गेल्यावर मी म्हणलं, जा परत. तर म्हणे, "आता काय करू जाऊन? इथंच बसतो." बसला. लगीन केलं, करुणासारखी गुणाची बायको मिळाली, पण याचा जीव त्या टेबलातच.

त्याचा एक नियम होता. कुणाचाबी कॉम्प्युटर येवो, आधी त्यातली डिस्क काढायची, आपल्या मोठ्या डिस्कवर तिची पूर्ण नक्कल करून ठेवायची, मगच दुरुस्तीला स्क्रूचा पेचकस लावायचा. त्याला चार-चार तास लागायचे. गिऱ्हाईक चिडायचं, मी चिडायची. "अरे, एवढ्या वेळात दुसरे तीन झाले असते!" तो म्हणायचा, "ताई, मशीन दुसरी मिळते. आतलं मिळत न्हाई." आन् गप.

दोन वर्षांखाली, होळी होऊन चार दिवस झाले असतील, भर दुपारी पद्माबाई आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, पांढरी सुती साडी, आन् दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेलं गाठोडं लेकरासारखं धरलेलं. साखऱ्याहून निघून सेनगाव, सेनगावहून हिंगोली, हिंगोलीहून इकडं, तीन एसट्या बदलून आल्या होत्या. बसमधी गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं न्हाई म्हणे. चादर सोडली तर आत जुना कॉम्प्युटर.

"जय भीम. रत्नपाल तुमीच का?" त्या म्हणाल्या. "हिंगोलीत म्हणले, नांदेडला न्या. एक जण म्हणला, त्याआधी कळमनुरीत दावा. ह्यात आमच्या मालकाचा आवाज हाये. तेवढा काढून द्या."

मालक म्हणजे रामजी खिल्लारे. मी खुर्चीतून उठलेच. रामजीदादांची गायन पार्टी आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेली. जयंतीला ते आले की रत्न्या स्टेजच्या पायाशी जाऊन बसायचा, पेटीवरल्या त्यांच्या बोटांकडं बघत. त्याच्या लग्नातबी ते गायले होते. त्याच्या आदल्या वर्षी मार्चच्या शेवटाला ते गेल्याचं मला ठाऊक होतं, कसे गेले ते ठाऊक नव्हतं. ते पद्माबाईंनी सांगितलं.

घरामागच्या कोठीत त्यांनी रेकॉर्डिंगची खोली केली होती. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चारी भिंतींना, छताला, दाराला आतून गोधड्या ठोकलेल्या. सगळ्या पद्माबाईंनी शिवलेल्या, एकोणीस गोधड्या. गाणं चालू असलं की दारावर बाहेरून लाल फडकं लावायचं. फडकं असंल तवर कुणी दार उघडायचं न्हाई, मग घराला आग का लागंना. एकदा पद्माबाईंनी जेवायला बोलवायला दार उघडलं होतं, तर चांगलं जमलेलं गाणं गेलं आन् रामजीदादा दोन दिवस बोलले न्हाईत. तवापासून त्यांनी कधी ते दार उघडलं न्हाई.

"त्या दिशी जयंतीची नवी गाणी करायला बसले सकाळी," पद्माबाई म्हणाल्या. "म्या अंगणात तुरीची डाळ पाखडत व्हते. फडकं व्हतं. दीड वाजला, दोन वाजले, फडकं हायेच. म्या म्हणलं, गाणं रंगलंय. अडीच वाजता पुतण्या आला, त्यानं उघडलं." मग म्हणाल्या, "धा पावलं व्हते मी दारापून. मोजलीत."

मी पाणी दिलं. रत्न्यानं कॉम्प्युटर टेबलावर घेतला. त्याच महिन्याच्या शेवटाला वर्षाचं पुण्यानुमोदन होतं, आमच्यात गेलेल्या माणसासाठी वंदना घेतात तो कार्यक्रम. तवर तिला तो आवाज पायजे होता. एवढंच तिचं मागणं होतं.

बटण दाबलं की पंखा फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा. पडदा काळाच. रत्न्या म्हणला, "वर्षभर बंद होता. मदरबोर्डवरचा सेल संपलाय, सेटिंग बिघडलीय." आता हे तुमाला सांगायला पायजे, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई. कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीवर रुपयाएवढा एक सेल असतो. मशीन बंद असली तरी तारीख काय, डिस्क किती, त्या कशा जोडल्यात, हे ती पाटी त्या सेलच्या जोरावर ध्यानात ठेवते. कधी कधी त्यात गडबड होते. मग दुरुस्तीवाले सेल काढतात, पाटीवरल्या दोन पिनांना पेचकसाचं टोक टेकवतात, आन् पाटी सगळं इसरून जाते, कारखान्यातून आली तशी कोरी होते. रत्न्यानं हे हजारदा केलेलं. करायच्या आधी तो पडद्यावरच्या सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. पण इथं पडदाच काळा, फोटो कशाचा काढणार?

तरी त्यानं नियमाप्रमाणं डिस्क काढायला पेचकस घेतलाच होता. म्हणला, "मावशी, आधी नक्कल करतो. चार-पाच तास लागतील."

पद्माबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. साडेतीनची हिंगोली गाडी चुकली तर पुढची सेनगाव गाडी चुकणार, मग साखऱ्याला जायला काही न्हाई. "मंग परत येते की पुढच्या हप्त्यात," त्या म्हणाल्या आन् चादरीची घडी घालायला लागल्या.

आन् इथं मी बोलले. आमच्याकडं दुःखाच्या घरचं माणूस दारात आलं तर त्याला रिकाम्या हातानं धाडत न्हाईत. मूठभर साखर का होईना, पदरात काही घालतात. मला त्या बाईचा मोकळा हात बघवंना. मी म्हणलं, "रत्न्या, तुझे नियम ठेव गुंडाळून! तीन एसट्या बदलून आलीय ती. कर की चालू, दोन गाणी तरी घाल तिच्या मोबाईलात. सगळं काय आजच पायजे का? काहून एवढा अडून राहिला?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं डिस्कवरचा हात काढला आन् सेल काढला. दोन पिनांना पेचकस टेकवला, दहा आकडे मोजले, नवा सेल बसवला, बटण दाबलं. पडदा उजळला.

पद्माबाईंनी हात जोडले. मी बी टाळी वाजवली, खोटं काहून बोलू. पडद्यावर तारीख आली, एक जानेवारी दोन हजार नऊ. पाटी सगळं इसरली की अशी जुनी तारीख दाखवते. मी सहज मोठ्यानं वाचली. पद्माबाई म्हणाल्या, "तवा तर ते व्हते." आन् पदर तोंडाला लावला.

पण विंडोज उघडंना. आत दोन डिस्क दिसत होत्या. एकीत काहीतरी होतं, पण वाचता येईना. दुसरी साफ कोरी. आमच्या भागात जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरात अशी एक जुनीपुरानी, रिकामी डिस्क उगं भर म्हणून घातलेली असते. रत्न्यानं अशा शंभर पाहिल्या होत्या. त्याला वाटलं, ही तसलीच. या कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकू, मशीन उभी राहील, मग दुसरीतली गाणी काढू. तीन वाजायला आले होते. मशीननं विचारलं, इथलं सगळं पुसलं जाईल, चालंल का? त्यानं हो म्हणलं. वीस-पंचवीस मिनिटं थांबा सांगणारं ते गोल चाकाडं पडद्यावर फिरत राहिलं. पद्माबाई त्या चाकाकडं डोळे लावून बसल्या होत्या.

विंडोज चालू झालं. रत्न्यानं गाण्याची डिस्क उघडली. नुसता कचरा, एका फाईलला धड नाव न्हाई. त्यानं खुर्ची मागं घेतली आन् एकदम हळू आवाजात विचारलं, "मावशी, हे मशीन कुणी बसवून दिलेलं?"

"नांदेडच्या एका पोरानं," पद्माबाई भाबडेपणानं म्हणाल्या. "लई हुशार व्हतं पोरगं. म्हणलं, दोन डिस्का मिळून एकच केलीय, म्हंजे गाताना मशीन अडकत न्हाई."

रत्न्याचा चेहरा मी अडतीस वर्षं बघून राहिले. आई गेली त्या दिवशीबी तो असा झाला नव्हता.

मला त्यानं नंतर समजावून सांगितलं. एका वहीची सम पानं एका खोलीत ठेवावी आन् विषम पानं दुसऱ्या खोलीत, तसं प्रत्येक गाणं दोन डिस्कवर वाटून ठेवलेलं होतं. ती पानं जुळवायचं काम पाटीवरच्या एका सेटिंगचं होतं. पेचकस टेकवून त्यानं ती सेटिंग घालवली, म्हणून दोन डिस्क वेगवेगळ्या दिसल्या आन् एक कोरी वाटली. तिथवरबी काही बिघडलं नव्हतं. ती सेटिंग परत तशी केली असती तर रामजीदादा जसेच्या तसे गायले असते. पण त्यानं कोऱ्या समजलेल्या डिस्कवर विंडोज टाकलं आन् विषम पानांवर शाई ओतली. विचारायचा प्रश्न एकच होता आन् तो त्यानं अर्धा तास उशिरा विचारला.

पद्माबाईंना तो एवढंच म्हणला, "मावशी, वेळ लागंल. मशीन ठेवून जा." त्या साडेतीनच्या गाडीनं गेल्या, रिकाम्या हातानंच. जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग जे दिवस आले ते आठवले तरी नको वाटतं. रत्न्यानं दुसरं सगळं काम बंद केलं. दोन्ही डिस्कची नक्कल केली, जी आधी करायची होती. कुठून कुठून सॉफ्टवेअर आणले, पुण्याच्या जुन्या दोस्तांना फोन केले. हळूहळू गाणी निघायला लागली, पण कशी? आवाज, मग काहीच न्हाई, परत आवाज, परत काहीच न्हाई. एकेक अक्षर कापलेलं. भर बाजाराच्या दिवशी, माझ्या पुढ्यात जातीच्या दाखल्याची रांग, आन् प्लायवूडपलीकडून मेलेल्या माणसाचा गळा तुकड्या-तुकड्यानं येऊन राहिला. एका म्हाताऱ्यानं कागद तिथंच टाकले आन् "पुन्ना येतो" म्हणून निघून गेला. रोज मशीन चालू केली की तारीख परत दोन हजार नऊ. नवा सेल टाकला, तो बदलून दुसरा टाकला, तरी तेच. रत्न्या म्हणला पाटीच खराब असंल. असंल बाबा.

नवव्या दिवशी दुपारी त्यानं मला हाक मारली. "ताई, एक अख्खी निघाली."

सगळ्यात शेवटची होती ती फाईल, डिस्कच्या पार टोकाला, जिथवर विंडोज पोचलंच नव्हतं. तिला नाव न्हाई. रामजीदादा गेले त्या दिवशीचं रेकॉर्डिंग, कुणी थांबवलंच न्हाई, नंतर मशीन बंद करताना तसंच राहून गेलेलं. मी खुश होऊन त्याच्या शेजारी बसले.

पेटी वाजली. रामजीदादांनी घसा साफ केला आन् गायला लागले. काय आवाज होता! एवढा स्वच्छ की माणूस टेबलापलीकडं बसल्यासारखा. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या अर्ध्यात गाणं थांबलं, पेटीचा एक सूर नुसताच लांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पद्मा."

साधी हाक. जेवायला वाढ म्हणावं तशी.

"पद्मा, दार उघड गं."

मग श्वास. मोठमोठे.

"अगं पद्मा... पाणी."

सहा वेळा हाक मारली त्यांनी. मी मोजल्या न्हाईत, रत्न्यानं मोजल्या. सहावी तर नुसती वाऱ्यासारखी. त्यानंतर काहीच न्हाई. रत्न्यानं आवाज पार वाढवला, तेव्हा कुठं लांबून बारीक काहीतरी ऐकू आलं. फर्र, फर्र, फर्र. मला लगेच कळलं. सूप होतं. बाहेर अंगणात ती डाळ पाखडत होती. आत माईकला तिचं सूप ऐकू येत होतं आन् बाहेर तिला तिच्याच गोधड्यांपायी नवऱ्याची हाक ऐकू गेली न्हाई. पडद्यावर पुढं अजून एक तास राहिलेला दिसत होता. दार उघडल्याचं आमी ऐकलं न्हाई, त्याच्या आधीच मी वायर ओढली.

"पुसून टाक," मी म्हणलं.

"न्हाई."

"अरे येड्या, हे तिला ऐकवणार तू? धा पावलं मोजून बसलीय ती! मरंल ती!"

"ताई, एवढाच धड राहिलाय. बाकी सगळा मी घालवला."

"मग ठेव तुझ्यापाशी. पण तिला दिलास तर माझं मेलं तोंड बघशील."

संध्याकाळी त्यानं पद्माबाईंना फोन लावला. माझ्यासमोर. म्हणला, "मावशी, गाणी गेली. माझ्या हातानं गेली. मी न विचारता मशीन कोरी केली. काहीच उरलं न्हाई." पलीकडून फक्त "बरं" आलं.

गावात बोभाटा व्हायला काय वेळ लागतो? रत्न्यानं रामजीदादांची गाणी घालवली, हे कळमनुरीपासून वसमतपर्यंत झालं. गिऱ्हाईक तुटलं. एक जण तोंडावर म्हणला, "माझं मशीन परत दे, तुझा काय भरवसा?" रत्न्यानं निमूट दिलं. त्याला गिऱ्हाइकाचं दुःख नव्हतंच. त्याला वेगळंच लागलं होतं. जेवता जेवता मधीच घास टाकून म्हणायचा, "आलो, आलो." करुणा विचारायची, कुणाला म्हणून राहिलात? तर दचकायचा. दुकानात स्टँडवरून कुणी कुणाला हाक मारली की हा उठून उभा. एकदा भर उन्हात रस्ता ओलांडून पलीकडच्या बंद शटरपाशी गेला आन् कुलूप हातात धरून उभा राहिला. मी हाताला धरून आणला. मी बी काही शहाणी राहिले न्हाई. झेरॉक्सची मशीन कागद ओढते, फर्र करते, आन् माझा हात बटणावरच थांबतो. अजून थांबतो.

त्या उरलेल्या आठ-दहा दिवसांत त्यानं एक केलं. मोटरसायकल काढून गावोगाव फिरला. ज्यांच्या लग्नात, जयंतीत रामजीदादा गायले त्यांच्या मोबाईलमधून गाणी गोळा केली. कुठं लेकरू रडतंय, कुठं जनरेटर वाजतोय, पण चौदा गाणी जमवली. ती पेन ड्राईव्हमधी घालून आमी दोघं साखऱ्याला गेलो.

मांडवात फोटोपुढं मेणबत्त्या, उदबत्ती, पांढरी फुलं. दोनशे माणूस. काही जण रत्न्याकडं बोट करून कुजबुजत होते, मला ऐकू येत होतं. वंदना सुरू झाली. सगळे हात जोडून त्रिसरण, पंचशील म्हणत होते. रत्न्या माझ्या शेजारी. पहिलं शील म्हणला, दुसरं म्हणला, तिसरं म्हणला. चौथ्याला, खोटं बोलणार न्हाई म्हणायचं असतं तिथं, त्याचे ओठ मिटले. मी त्याच्याकडं पाहिलं न्हाई. मी मात्र म्हणून टाकलं, आन् म्हणताना मला माझीच चीड आली. पाचव्याला तो परत सुरू झाला.

चौदा गाणी वाजली. माणसं रडली. जेवणं सुरू झाल्यावर पद्माबाईंनी आमाला खुणावलं आन् घरामागं नेलं, त्या खोलीत. गोधड्या काढून टाकलेल्या होत्या, खिळे तेवढे राहिलेले.

"लेकरा," त्या रत्न्याला म्हणाल्या, "गाण्यासाठी म्या तुज्याकडं आलेच न्हाई. गाणी काय, लोकांच्या तोंडी हायेत. त्या दिशी दार उघडलं तवा मशीन चालू व्हती रे. पडद्यावर रेघ हालत व्हती. म्या म्हणलं, ह्यांनी मला हाक मारली असंल तर ती ह्या मशीनीत असंल. न्हाई मारली तर न्हाई असणार. वरीस झालं, मला तेवढंच ऐकायचंय. दुसरं काय न्हाई."

रत्न्या तिच्याकडं बघत होता. त्यानं तिला काहीच उरलं न्हाई म्हणून सांगितलेलं. आता ठाऊक न्हाई म्हणला असता तर ती जन्मभर तशीच बसली असती, दार आन् अंगण मोजत. आन् न्हाई मारली म्हणला असता तर तिनं विचारलं असतं, तुला कसं ठाऊक?

"एक तुकडा सापडला व्हता मावशी," तो म्हणला. एवढं सरळ बोलताना मी त्याला कधी पाहिलं न्हाई. "त्या दिवसाचाच. मी ऐकला. ते गातच व्हते. दुसऱ्या कडव्याच्या अर्ध्यात थांबलं, मग काहीच न्हाई. हाक न्हाई, काही न्हाई. एका सेकंदात गेले असतील."

"कुठंय त्यो?"

"तोबी माझ्याच हातून पुसला."

तिनं त्याला मारलं. खरंच मारलं, दोन्ही मुठींनी छातीवर. "मेल्या, तेवढा तरी ठेवायचा व्हतास! तेवढा एक ठेवायचा व्हतास!" तो हलला न्हाई. मग तिचे हात थांबले, त्याच्या शर्टात तोंड खुपसून ती रडली, आन् रडता रडता म्हणाली, "गातच व्हते ना? बराबर ऐकलंस ना तू?" तो म्हणला, "बराबर ऐकलं." ती भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळानं उठली, तोंड धुतलं आन् पंगतीत येऊन जेवली. तिची जाऊ मला म्हणाली, वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवून राहिली ही.

याला आता दोन वर्षं झाली. रत्न्याचं गिऱ्हाईक निम्मं परत आलं, निम्मं न्हाई आलं. पद्माबाई अधूनमधून फोन करतात. भाजी काय केली, करुणा कशी हाये, असलं बोलतात. गावभर सांगतात, आमचे मालक गात गात गेले. फाईल रत्न्यानं पुसली न्हाई. मी दहादा म्हणलं, तू खोटं बोललास ते तरी खरं कर. त्याला होत न्हाई. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधी ती तशीच हाये, नाव न ठेवलेली.

परवा दुपारी पद्माबाईंचा फोन आला. रत्न्याचे हात ग्रीसनं भरलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढं ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "लेकरा, तू दिलेली गाणी रोज ऐकते बघ. पण गाण्यातला आवाज येगळा असतो. ते बोलायचे कसे, त्येच आठवंना झालंय. मला पद्मा म्हणून कशी हाक मारायचे, डोक्यात आणून बघते, येतच न्हाई. तुला आठवतंय का रे त्यांचं बोलणं?"

रत्न्यानं कॉम्प्युटरकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, न्हाई म्हणून.

"न्हाई मावशी," तो म्हणला, "मी त्यांना फक्त गातानाच ऐकलंय."